चित्राची पाठ

दिवाळीची झाडलोट निघाली की एका तैलचित्रापाशी माझा हात अडतो. वडिलांचे ते चित्र एका स्नेह्याने मोठ्या हौसेने प्लायवुडवर काढून दिले होते. चेहरा हुबेहूब, परंतु नाशिकचे दोन पावसाळे सोसले आणि फळीच्या कडा पुढे वळल्या. ‘आजोबा वाकून बघतात,’ असे म्हणून मुले हसत. तिसऱ्या वर्षी कपाळावरच्या रंगाचा पोपडा सुटला, तेव्हा कोणी हसले नाही. वडिलांचे धड छायाचित्रसुद्धा आमच्या घरात नाही.

चित्र घेऊन जुन्या नाशकातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ते उलटे केले आणि म्हणाले, “मास्तर, तोंड रंगवलंत अन् पाठ उघडी ठेवलीत. ओल पाठीनंच शिरणार की!”

गोष्ट खरी आहे. झाड तोडले तरी लाकूड ओल पिणे सोडत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. एक अंग रंगाने झाकलेले आणि दुसरे कोरे असले, की दोन्ही अंगे सारखी हलत नाहीत, फळी वाकते. प्लायवुडचे पापुद्रे एक उभा, एक आडवा असे चिकटवलेले असल्यामुळे ते अखंड फळीहून कमी हलते, एवढेच.

उपाय रंगवण्याआधीचा आहे. प्लायवुडच्या पाठीला कडेने सुक्या, सरळ पट्ट्यांची चौकट चिकटवावी. फळी मोठी असल्यास मध्ये आणखी एक पट्टी द्यावी. सपाट जागी रात्रभर वजनाखाली ठेवावी. मग काचकागदाने घासून तोंड, पाठ आणि चारही कडा ओल शिरणार नाही अशा बंद कराव्यात. त्यावर पांढऱ्या अस्तराचे तीन-चार पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर घासावा. अस्तराविना लाकूड रंगातले जवसाचे तेल शोषून घेते आणि रंग कोरडा पडतो. अखंड फळीला मात्र आडव्या पट्ट्या घट्ट चिकटवू नयेत. हलायला वाव मिळाला नाही तर ती तडकते.

फळीवरची चित्रे आपल्याकडे नवी नाहीत. गोव्याचा पोर्तुगीज अधिपती जुआंव द कास्त्रो याने १५४७ साली आपल्या पूर्वाधिकाऱ्यांची चित्रे लाकडी फळ्यांवर काढवून घेतली. गास्पार कोर्रैया याच्या देखरेखीखाली ती एका स्थानिक चित्रकाराने रंगवली. पुढे ती इतक्यांदा पुन्हा रंगवली गेली, की मूळचा हात वरच्या थरांखाली दडला. राजपुरुषांची ही कथा, तिथे आमची काय!

माझी वाकलेली फळी सरळ करायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. “आता बळजबरी केली तर उरलेला रंगही जाईल.” त्यांनी नवी फळी बांधून दिली. तिचे अस्तर आता वाळले आहे. भाऊबीज झाली की मुलगी जुने चित्र समोर ठेवून आजोबांना पुन्हा काढायला बसणार आहे. पाठ मी स्वतः दोनदा तपासली आहे.