वेण्णा तलावाकाठची कोजागिरी

दसऱ्याचें सोनें वाटून झालें, आपट्याचीं पानें देवघरांत वाळूं लागलीं, म्हणजे आमच्या घरीं एक विषय हटकून निघत असे: ‘यंदां महाबळेश्वरला केव्हां?’ उन्हाळ्यांत सारें जग तेथें लोटतें, पण ती. दादांना ती गर्दी मानवत नसे. डोंगर पाहावा तो शरदांत, पावसाळ्याचें न्हाणें आटोपून तो उन्हांत केस वाळवीत बसला असतां, असें ते म्हणत.

आणि त्यांच्याबरोबर मोत्या असे. मोत्या कांहीं नामांकित विलायती कुळींतला नव्हे. बारा वर्षांपूर्वीं पावसांत कुडकुडणारें एक पिल्लूं दादांनीं कोटाच्या खिशांतून घरीं आणलें, तेंच हें. आमच्या मातोश्रींचें सोवळें कडक. कुत्रें उंबरा ओलांडणार नाहीं, या अटीवर त्याला ओसरी मिळाली. आणि ही अट त्यानें आमच्या घरांतील कित्येक द्विपादांपेक्षां अधिक निष्ठेनें पाळली, हें कबूल केलें पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं दादा गेले. त्यानंतरच्या आश्विनांत कोणीहि विषय काढला नाहीं. यंदां तो काढला मोत्यानेंच! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं दारांत मोटार उभी राहिली, तों हा म्हातारा, आंखडलेले पाय ओढीत, तिच्या मागल्या दाराशीं जाऊन बसला व कांहीं केल्या उठेना. मातोश्री ओसरीवरून पाहत होत्या. ‘त्याला तळें दाखवून आणा रे. पुढल्या वर्षीं त्याचे पाय चालणार नाहींत,’ त्या म्हणाल्या. आणि थोडें थांबून, ‘मीहि येतें.’

पुण्याहून महाबळेश्वर सुमारें 120 किलोमीटर. वळणावळणाच्या घाटांत कुत्र्यालाहि माणसाप्रमाणें मळमळतें. म्हणून निघण्यापूर्वीं दोन-तीन तास त्यास कांहीं खाऊं घालूं नये, वाटेंत थांबून पाणी मात्र पाजावें. वाईस कृष्णेच्या घाटावर मातोश्रींनीं ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें, आणि पसरणीचा घाट चढून आम्ही पांचगणीच्या पठारांना लागलों. रस्त्याच्या दोहों बाजूंस सोनकीचीं पिंवळीं फुलें इतकीं दाटलीं होतीं कीं, कोणी हळदीकुंकवांतली हळद उतरणीवर सांडली असावी असें वाटे.

मुक्कामाचा अनुभव वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों. ‘कुत्रें चालेल’ असें आगाऊ विचारून खोल्या घेतल्या होत्या. पण दारांत मोत्यास पाहतांच चालकांनीं मान हलविली. असा होकार लेखी घ्यावा, हा धडा आम्हीं तेथें घेतला. शेवटीं तलावापासून जवळच एका शेतकरी कुटुंबानें आपल्या घरांतील पुढची खोली आम्हांस दिली. त्यांच्या वाफ्यांत स्ट्रॉबेरीचीं रोपें नुकतींच लावलेलीं होतीं, आणि मोत्यास पाहून त्या घरचीं मुलें आमच्याहून अधिक आनंदलीं.

वेण्णा तलाव हा निसर्गानें केलेला नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सातारचे छत्रपति आप्पासाहेब महाराज यांनीं 1842 सालीं तो बांधविला, तो गांवाला पाणी मिळावें म्हणून. डोंगरावर एवढ्या उंचीवर हें पाणी टिकतें कसें? या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. वर्षाकाठीं येथें 200 इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. त्यांतलें बरेंच पाणी हा सच्छिद्र दगड पिऊन घेतो, आणि खालच्या घट्ट थराशीं अडलें म्हणजे तें झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. पाऊस सरल्यावरहि डोंगर आपली सांठवण थोडी थोडी खर्चीत असतो. घर चालविणाऱ्या गृहिणीस ही काटकसर ओळखीची वाटेल!

पाणी पिण्याचें, म्हणून दादा मोत्याला तलावांत कधीं उतरूं देत नसत. यंदांहि आम्हीं साखळी सोडली नाहीं. त्यानेंहि ओढ घेतली नाहीं. जेथें दादा रोज सकाळीं बसत त्या दगडाशीं तो आपण होऊन थांबला, हुंगून पाहिलें, आणि पाण्याकडे तोंड करून बसला. मातोश्री त्या दगडावर टेंकल्या. दोघांमध्यें हातभर अंतर होतें. धुकें पाण्यावरून उठून झाडींत शिरेपर्यंत दोघेंहि हललीं नाहींत, आणि आम्हीं बोलावलेंहि नाहीं.

कोजागिरीच्या रात्रीं आकाश निवळलें. यजमानांच्या अंगणांत आटीव दूध चुलीवर होतें. चंद्र तळ्यावर आला तेव्हां त्याचा नैवेद्य झाला. मोत्याच्या वांट्याचा, साखर न घातलेला घोट मातोश्रींनीं स्वतः द्रोणांत ओतून दुरून पुढें सरकविला. रात्र चढली तशी मंडळी आंत गेली, व मोत्या आपल्या रिवाजाप्रमाणें ओसरीवर वेटोळें करून पडला. तेव्हां यजमान म्हणाले, ‘त्याला बाहेर ठेवूं नका, साहेब. रात्रीं बिबट्या फिरतो. कुत्रें दिसलें कीं उचलतो.’

आम्हीं मोत्याला हांक मारली. तो उठला, उंबऱ्यापर्यंत आला आणि थबकला. बिस्कीट दाखविलें, साखळी ओढली. पाय रोवून तो उभाच. बारा वर्षांची शिस्त अशी एका रात्रींत कोण मोडील? तो आमच्याकडे पाहतच नव्हता. पाहत होता तो मातोश्रींकडे.

मातोश्री अंथरुणावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं माळ खालीं ठेविली. ‘धर्मराजानें कुत्र्यासाठीं स्वर्गाचें दार नाकारलें,’ त्या स्वतःशींच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘माझा तर नुसता उंबरा.’ मग दाराकडे वळून, जशा दादा कोर्टांतून उशिरां परतले म्हणजे म्हणत, तशाच स्वरांत त्या म्हणाल्या, ‘ये बाबा, आंत ये. फार रात्र झाली.’

मोत्या आंत आला. त्यांच्या अंथरुणापासून हातभर अंतर ठेवून निजला. पहाटे आम्हांस जाग आली, तेव्हां तें अंतर उरलें नव्हतें, आणि मातोश्रींचा हात त्याच्या पाठीवर होता.

परत आल्यावर आमच्या घरीं एकच फरक झाला आहे. ओसरी अद्याप मोत्याचीच आहे, स्वयंपाकघराचें सोवळेंहि तसेंच आहे. पण दिवेलागणीनंतर माजघराच्या दाराशीं एक जुनी घोंगडी अंथरलेली असते. ती कोण अंथरतें, हें आम्ही विचारीत नाहीं.