कारखान्यातून प्रयोगशाळेकडे (लेखांक 5) : पैसे कोणाचे, किती वर्षांचे आणि कशासाठी?

परदेशातल्या पीएच.डी.चा विषय निघाला की भोसरी, तळवडे, चाकण या भागातले तरुण इंजिनिअर पहिला प्रश्न विचारतात, ‘फुल स्कॉलरशिप कशी मिळते?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एमपीएससीसारखं काहीतरी असतं. एक जाहिरात निघेल, एक फॉर्म भरायचा, मार्कांवर यादी लागेल. पण हा पैसा एका दारातून येत नाही, आणि ज्या दारातून तो सर्वांत जास्त येतो तिथे आपली मुलं जवळजवळ फिरकतच नाहीत. आजच्या लेखात सगळा भर त्यावर.

त्याआधी एक जुना हिशेब पाहू. निगडीच्या पुढे देहूरोड लागतं. तिथे 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या पट्ट्यातल्या कितीतरी कामगार कुटुंबांचं वर्षातून एकदा तरी तिथे जाणं होतं. त्याच बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीचा हिशेब मात्र फार जणांनी मांडून पाहिलेला नसतो. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. त्या पैशावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, 1916 मध्ये लंडनला गेले. मुदत एक वर्षाने वाढवून मिळाली, पण 1917 मध्ये ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली, एवढाच आधार होता. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून मागे टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज एवढ्या बळावर. लंडनची डी.एस्सी. 1923 मध्ये मिळाली. कोलंबियाचा प्रबंध 1925 मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तो सयाजीरावांनाच अर्पण केलेला आहे. पदवी 1927 ची.

बाबासाहेबांच्या बुद्धीबद्दल कोणाला शंका नव्हती, कष्टांबद्दलही नव्हती. अडचण मुदतीची होती. संशोधनाला लागणारा काळ आणि पैशाचा काळ यांचा मेळ बसला नाही. शंभर वर्षांनंतरही हीच अडचण कायम आहे. ‘पूर्ण खर्च’ असं लिहिलेलं पत्र हातात आलं की आपण रक्कम वाचतो, तारीख वाचत नाही. इंजिनिअरिंगमधली पीएच.डी. तीन वर्षांत क्वचित संपते, चार-पाच वर्षं सहज जातात. म्हणून पहिल्या मुलाखतीतच विचारा की पैसे किती वर्षांचे आहेत, काम लांबलं तर पुढच्या वर्षाचं काय आणि तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली. हे विचारल्याने कोणी नाराज होत नाही. उलट समजून उमजून आलेला उमेदवार म्हणून तुमची नोंद होते.

आता सरकारी दार. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी 75 जागा, त्यात पदव्युत्तर आणि पीएच.डी. दोन्ही धरून. पीएच.डी.साठी वयाची मर्यादा 40. शिक्षणशुल्क, निर्वाह भत्ता, विमानप्रवास, आरोग्य विमा हे सगळं त्यात येतं, आणि ती चालवणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च पथावर आहे. मराठा आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी पुण्यातल्याच ‘सारथी’ संस्थेची सयाजीराव महाराजांच्या नावाची योजना आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत 125 जागा आहेत. त्यातल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी, थोड्या भटक्या-विमुक्तांसाठी आणि थोड्या भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. तिथे कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आणि वयाची 35. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट या योजनांत वेळोवेळी बदलते, म्हणून मागच्या वर्षी मित्राने भरलेल्या फॉर्मवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

केंद्राच्या योजनेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 2022 च्या नियमांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज या विषयांवरचं संशोधन वगळण्यात आलं. मला हे अन्यायाचं वाटतं. 9 मे 1916 रोजी कोलंबियातल्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. तोच विषय घेऊन आज एखादी मुलगी अर्ज करायला गेली तर या नियमाने तिचा अर्ज अडतो. इंजिनिअरांना याची झळ लागत नाही, पण घरातली बहीण समाजशास्त्र शिकत असेल तर तिला आधीच सांगून ठेवा.

सरकारी योजनांचा क्रमही नीट समजून घ्या. आधी मार्गदर्शक, मग प्रवेश, मग शिष्यवृत्ती. परदेशी विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र हातात नसेल तर अर्ज उभाच राहत नाही. पुष्कळ जण जाहिरात निघाल्यावर विद्यापीठ शोधायला लागतात आणि ते वर्ष वाया जातं. तयारी किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी.

आणि आता ते दार, जिथे आपण फिरकत नाही. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांत पीएच.डी. करणारा माणूस बहुतांशी विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी पैसे मिळाले की तो जागा काढतो. जाहिरातीत कामाचं स्वरूप, पात्रता, कराराची मुदत आणि वेतनश्रेणी लिहिलेली असते. जर्मनीत ही श्रेणी बहुधा टीव्ही-एल ई-13 असते आणि पुढे 65, 75 किंवा 100 टक्के असा आकडा येतो. तो आकडा म्हणजे पूर्णवेळ पगाराचा किती हिस्सा मिळणार. इंजिनिअरिंगच्या संस्थांत 100 टक्के जागा बऱ्याच दिसतात, कारण तिथे संशोधनाबरोबर उद्योगांच्या प्रकल्पांची कामंही करून घेतात. पगारातून कर आणि विमा कापला जातो, राहतं त्यात एका माणसाचा खर्च नीट भागतो. व्हिसासाठी बँकेत मोठी रक्कम अडकवून ठेवण्याऐवजी हे करारपत्रच पुरतं. घर गहाण टाकून एम.एस.ला जाणारी मुलं मी पाहतो तेव्हा वाटतं, यांना कोणी हे वेळेवर का सांगितलं नाही? या जागा ‘स्कॉलरशिप’ म्हणून शोधल्या तर सापडत नाहीत. त्या नोकरीच्या जाहिरातींत असतात, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर आणि युरोपीय आयोगाच्या ‘युरॅक्सेस’ या पोर्टलवर.

याच पोर्टलवर मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा येतात. कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो, आधीची पीएच.डी. नसावी लागते. पगाराशिवाय स्थलांतर भत्ता आणि लागू असेल तर कुटुंब भत्ताही मिळतो. त्यातला औद्योगिक डॉक्टरेट हा प्रकार तर आपल्या पट्ट्यासाठीच काढलाय असं वाटावं. त्यात किमान निम्मा काळ विद्यापीठाबाहेर, कंपनीत काम करावं लागतं. एक अट मात्र चाकणच्या लोकांना हमखास आडवी येते. ज्या देशात जागा आहे तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त वास्तव्य झालेलं नसावं. कंपनीने दीड वर्ष डेप्युटेशनवर जर्मनीला पाठवलं असेल तर जर्मनीतली जागा काही काळ बंद, पण त्याच प्रकल्पातली स्पेनची किंवा इटलीची जागा उघडी असते. हे माहीत नसल्याने अर्ज न करणारेही आहेत आणि अट न वाचता करून बाद होणारेही.

या जागांवर निवड कशावर होते? मार्क लागतात, ते पुढे पाहू. पण प्राध्यापकाला मुख्यतः हवा असतो एखाद्या प्रश्नाशी झटलेला माणूस, आणि असे प्रश्न पिंपरी-चिंचवडमध्ये रोज शिफ्टगणिक तयार होतात. उदाहरण घ्या. ॲल्युमिनियमच्या ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगमध्ये पावसाळा लागला की पोरॉसिटीचं रिजेक्शन वाढतं. फाउंड्रीतल्या सुपरवायझरला हे पाठ असतं. कारणही ठाऊक आहे. हवेतल्या बाष्पाची वितळलेल्या ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, द्रव धातूत तो भरपूर विरघळतो आणि धातू गोठताना बाहेर पडू पाहतो, तिथे छिद्रं राहतात. क्वालिटीतला इंजिनिअर काय करतो? डीगॅसिंगची वेळ वाढवतो, कोठीत ठेवायचा वेळ कमी करतो, रिजेक्शन आवाक्यात आलं की फाइल बंद. संशोधन त्या बंद फाइलच्या पुढे सुरू होतं. हवेची आर्द्रता आणि होल्डिंगचा वेळ यांवरून छिद्रांचं प्रमाण आधीच सांगता येईल का? छिद्राचा आकार आणि जागा यांचा त्या पार्टच्या थकव्याच्या आयुष्यावर किती परिणाम होतो? किती पोरॉसिटी चालवून घ्यायची हे आज अनुभवाने ठरतं, ते गणिताने ठरवता येईल का? इलेक्ट्रिक गाड्यांमुळे ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचं महत्त्व वाढलंय, म्हणून अशा प्रश्नांना आज तिकडे विचारणारेही आहेत. सेकंड शिफ्टला तीन पावसाळे हे सोसलेल्या माणसाने अर्जात हा प्रश्न नीट मांडला तर नुसत्या पुस्तकी वाक्यांचा अर्ज त्याच्यापुढे टिकत नाही.

मात्र इथे एक कडक पथ्य. नोकरीला लागताना तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, रिजेक्शनचे आकडे, पीपीएपीची कागदपत्रं यांतलं काहीही अर्जात किंवा मुलाखतीच्या स्लाइडमध्ये येता कामा नये. प्रश्नाचं शास्त्र तुमचं आहे, कंपनीची माहिती तुमची नाही. ‘एका वाहनभागाच्या ओतकामात’ एवढं म्हटलं तरी पुरतं. परदेशी प्राध्यापकही हे बारकाईने पाहतात, कारण उद्या त्यांच्या भागीदार कंपनीची माहिती तुमच्या हाती येणार असते. अनुभव उघडपणे दाखवायचा असेल तर कंपनीची रीतसर परवानगी घेऊन निबंध लिहा. एआरएआय साधारण दर दोन वर्षांनी सियाट हा वाहनतंत्रज्ञानाचा परिसंवाद भरवते, त्यातले निबंध एसएई छापते. पुण्याच्या दारातलं हे व्यासपीठ सोडून मुलं पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांकडे जातात. त्या कागदांना तिकडे काडीची किंमत नाही.

मार्कांची भीती घालवण्यासाठी जर्मन सूत्र करून पाहू. तिकडे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. किमान 40 टक्के धरले तर 66 टक्क्यांचे होतात 2.7, आणि 70 टक्क्यांचे अडीच. अडीचच्या आत बसलं की बरीच दारं उघडतात. 2.7 वाल्याने एम.टेक.चे गुण आणि प्रबंधाचं काम पुढे करावं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी, आणि आपल्याकडे ते पुष्कळ आहेत, डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका सोबत जोडाव्यात. नाहीतर बी.ई.चं पहिलं वर्ष गहाळ दिसतं आणि अर्ज विनाकारण अडकतो. नुसत्या बी.ई.वर युरोपात सहसा चालत नाही, पदव्युत्तर पदवी मागतात. अमेरिकेत चार वर्षांच्या बी.ई.वर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, आणि तिथे पैसे अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून मिळतात, सोबत शिक्षणशुल्क माफ होतं. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्तीही आहे, त्यावर या मालेत स्वतंत्र लेख येईल.

शिफारसपत्रांचा एक मुद्दा राहिला. प्लांट हेडचं पत्र चांगलंच, पण एक तरी पत्र असं हवं की ज्याच्या लिहिणाऱ्याने तुमचं अभ्यासाचं काम पाहिलंय. पाच वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शकांना एकदम फोन करून पत्र मागू नका. आत्तापासून भेटा, काय करता आहात ते सांगा, एखादा निबंध त्यांच्यासोबत लिहा.

पुढच्या आठवड्यात संशोधन प्रस्तावाचं एक पान ओळ न् ओळ पाहू. तोवर प्रत्येकाने एवढं करावं. आपल्या लाइनवर पुन्हा पुन्हा येणारी, तात्पुरती दाबून टाकलेली एक अडचण निवडा. कंपनीचं नाव, पार्ट आणि आकडे वगळून ती दहा ओळींत लिहा, आणि शेवटी तिच्यातलं आज कोणालाच सांगता येत नाही असं काय आहे ते एका वाक्यात मांडा. ते वाक्य जमलं नाही तर अडचण बदला आणि पुन्हा लिहा.