बैठक जमली की सायकल पळते

माजलगावहून गढीकडे निघा नाहीतर पाथरीकडे, वाटेत घाट लागत नाही. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस. मग इथल्या रेसिंग सायकलवाल्याला अडवतं कोण? वारा! सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेलं की पायांतली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. आणि त्या हवेच्या विरोधाचा साधारण तीन चतुर्थांश वाटा चालवणाऱ्याच्या अंगाचा असतो, सायकलचा उरलेला. म्हणून लाखभर रुपयांची हलकी चाकं घेण्याआधी सीट, हँडल आणि पाठ यांचं गणित, म्हणजे बैठक, जुळवावं. त्याला लागतो एक पाना आणि शिंप्याचा टेप.

हात छातीखाली दुमडणारा ग्रॅम

बैठकीच्या जोरावर जग हलवणारा माणूस म्हणजे स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. त्याने आपली सायकल स्वतः बनवली आणि तिच्यात चक्क वॉशिंग मशीनमधलं बेअरिंग बसवलं. हात छातीखाली दुमडून, खांदे हँडलवर टेकवून तो असा बसायचा की वाऱ्याला धरायला फारसं काही उरतच नसे. तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम तेव्हा इटलीच्या मोझरच्या नावावर होता : 51.151 किलोमीटर, 1984 पासून. 16 जुलै 1993 रोजी नॉर्वेतल्या हामारमध्ये ओब्रीने प्रयत्न केला, तो फसला. शरीर आखडू नये म्हणून रात्रभर तो पाणी पिऊन झोपत राहिला, म्हणजे लघवीला उठावं लागेल आणि उठला की अंग ताणून घेता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसला आणि 51.596 किलोमीटर काढले! जेमतेम आठवडाभरात ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला, ती गोष्ट वेगळी.

1994 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ओब्रीची ही बैठक बंद केली. ओब्री थांबला नाही. हात थेट पुढे ताणलेली ‘सुपरमॅन’ बैठक त्याने काढली आणि 1995 मध्ये तिच्यावर विश्वविजेता झाला. पुढे तीही बंद झाली. एकाच माणसाच्या दोन बैठकांवर बंदी यावी, यापेक्षा मोठी पावती कुठली?

दांडीवर बसायला मनाई

उतारावर सीट सोडून पुढच्या दांडीवर बसायचं आणि हँडलवर वाकायचं, ही युक्ती युरोपातल्या शर्यतींत फार चालली होती. 1 एप्रिल 2021 पासून तिच्यावरही बंदी आली, कारण तोल जायचा धोका. आपल्याकडे दांडीवर बसून शाळेत गेलेल्या पिढ्यांना तो धोका कुणी समजावून सांगायची गरज नाही.

0.883

आता कामाचा आकडा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड वही दोन्ही पायांमध्ये वर घट्ट दाबून धरा आणि वहीच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. ते 0.883 ने गुणा. पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवायचं. हे सूत्र ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. 1989 ची ‘तूर द फ्रान्स’ शर्यत फक्त 8 सेकंदांनी जिंकणारा तोच हा अमेरिकन. शेवटच्या दिवशी त्याने पुढे वाकून कोपरं टेकवता येतील असं हँडल लावलं होतं.

दुसरी, त्याहून जुनी पद्धत म्हणते, पायाच्या मापाच्या 109 टक्के अंतर ठेवा, पण खाली गेलेल्या पायडलपासून. करून बघा. माप 80 सेंटीमीटर असेल तर पहिल्या सूत्राने 70.6, त्यात पायडलच्या दांड्याचे 17 मिळवा, झाले 87.6. दुसऱ्या सूत्राने 87.2. दोन वेगळ्या वाटांनी निघून फरक अर्ध्या सेंटीमीटरहूनही कमी! हे आकडे सुरुवातीपुरते धरावेत. शेवटचा निकाल गुडघा देतो : पायडल तळाला असताना तो 25 ते 35 अंश वाकलेला हवा.

मिनिटाला 90 फेरे धरले तर तासाला 5,400 वेळा गुडघा वाकतो. म्हणून पाच मिलिमीटरची चूकही साधी नसते. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून ओढ बसली तर वर. मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डुलताना दिसली तर सीट नक्की उंच. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा आणि काही दिवस चालवून बघा. सीटची नळी तिरकी असते, त्यामुळे सीट एक सेंटीमीटर वर घेतली की ती साधारण तीन मिलिमीटर मागेही जाते. आणि सीट चपलेवर ठरवून बूट घालून निघालात, तर तळव्याच्या जाडीएवढं गणित पुन्हा बदलतं.

बेल्जियमचा एडी मर्क्स तर शर्यत चालू असताना पाना काढून सीट वरखाली करायचा. 1969 मध्ये ब्ल्वा इथल्या ट्रॅकवर पडून त्याच्या कमरेला मार बसला आणि तेव्हापासून त्याला बैठक मनासारखी लागेना. तरीही त्यानंतर चार वेळा तूर जिंकला!

मान सोडून देते तेव्हा

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत जोडीने पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली, जवळजवळ 4,900 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. इतकं अंतर वाकून चालवताना काहींची मान इतकी थकते की डोकं उचलताच येत नाही. मायकेल शर्मर या स्पर्धकावरून त्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. लांब पल्ल्याला हँडल थोडं वर ठेवतात ते यासाठीच. वाऱ्याला थोडं द्यावं लागतं, पण मान शाबूत राहते.

पुठ्ठ्यावर बसा

मऊ, रुंद सीट आरामाची हा समज चुकीचा. भार घ्यायला हवा बसण्याच्या दोन हाडांनी. कडक स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा ठेवून पाय थोडे वर घेऊन बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि त्याहून जरा रुंद सीट मागा.

हे सगळं रेसिंगपुरतं नाही. गावोगावच्या मुली सायकलने शाळेत जातात आणि बहुतेकींची सीट दुकानातून आली तशीच, अगदी खाली राहते. सायकल आठवीत घेतलेली, मुलगी मात्र वर्षभरात कितीतरी उंच होते. दर सहामाहीला नट सैल करून सीट बोटभर वर घ्या. फक्त सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण नळीच्या बाहेर येऊ देऊ नका.