चिकाची मुदत

पहिली लस टोचून आणलेले पिल्लू चार-आठ दिवसांत पार्व्हो या विषाणूच्या रोगाने दगावले, की घरची माणसे एक तर लसीला दोष देतात, नाही तर ती टोचणाऱ्या डॉक्टरला. आणि त्या लसीची वाट अडवणारी गोष्ट पुष्कळदा पिल्लाच्या जन्मदात्रीनेच त्याला पहिल्या दिवशी दिलेली देणगी असते, हे समजावून सांगणारा मनुष्य त्या दुःखाच्या घटकेला सहसा जवळ नसतो. हा सगळा प्रकार कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

रोगातून निभावलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या रोगाविरुद्ध काही तरी शिल्लक राहते, या सिद्धांताचा एक आरंभीचा पुरावा कुत्र्याच्याच रक्ताने दिला. 1888 साली शार्ल रिशे आणि जूल एरिकूर या फ्रेंच संशोधकांनी, एका विशिष्ट जंतूची बाधा झालेल्या कुत्र्याचे रक्त सशांच्या उदरपोकळीत सोडले, आणि पुढे तोच जंतू टोचला असता त्या सशांना संरक्षण मिळाल्याचे त्यांना आढळले. दोन वर्षांनी बेहरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक निःसंदिग्धपणे सिद्ध केली. रक्तातील त्या शिल्लक द्रव्याला आपण आज प्रतिपिंड म्हणतो. पांढऱ्या पेशींच्या एका वर्गाने घडवलेली ही प्रथिने असून, ज्या शत्रूसाठी त्यांची घडण झाली त्यालाच ती ओळखतात आणि त्याला चिकटून निकामी करतात. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणुरोगाचे प्रतिपिंड पार्व्होपुढे उपयोगी पडत नाहीत.

मानवी अर्भक गर्भात असतानाच आईच्या रक्तातून प्रतिपिंडांचा मोठा साठा मिळवते. कुत्रीची वार मात्र या बाबतीत कृपण आहे. पिल्लाला लाभणाऱ्या प्रतिपिंडांपैकी शेकडा पाच ते दहाच वारेतून येतात, बाकीचे सर्व चिकातून. गाईम्हशींच्या ज्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, तोच कुत्री व्याल्यावर तिच्या सडांत उतरतो, आणि डोळे मिटलेले ते आंधळे पिल्लू केवळ वासाच्या व उबेच्या आधाराने सरपटत जाऊन त्याला तोंड लावते, तेव्हा त्याच्या आतड्याचे अस्तर ही प्रथिने न पचवता सबंधच्या सबंध रक्तात जाऊ देते. हा मार्ग काही तासांतच आकसू लागतो आणि चोवीस तासांच्या सुमारास बंद होतो. म्हणून ज्या पिल्लाला सशक्त भावंडांच्या रेटारेटीत पहिल्या दिवशी सड मिळाला नाही, ते दुसऱ्या दिवसापासून कितीही दूध प्याले, तरी ती उणीव भरून निघत नाही.

आता या वारशाची मुदत पाहू. पिल्लाला हे प्रतिपिंड आयते मिळालेले असतात, ते नव्याने घडत नाहीत. साधारणपणे दर नऊ-दहा दिवसांनी त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. समजा, एका पिल्लाचा रक्तद्रव 640 पट विरळ केला तरी विषाणूला थोपवतो, आणि त्याच्या धाकट्या भावाचा 160 पटींपर्यंतच. दहा दिवसांना निम्मे या हिशेबाने दहा पटींची पातळी गाठायला धाकट्याला चाळीस दिवस लागतील, थोरल्याला साठ. एकाच वेतातील दोन पिल्लांत वीस दिवसांचे अंतर पडले! डिस्टेंपरची लस पिल्लाला कोणत्या वयात लागू पडेल हे आईच्या रक्तावरून वर्तवणारा आलेख कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली प्रसिद्ध केला, तो याच गणिताच्या बळावर.

खरी मेख यापुढेच आहे. लसीतील विषाणू जिवंत पण दुर्बळ केलेला असतो. त्याने शरीरात थोडे वाढावे आणि त्या निमित्ताने पिल्लाने स्वतःचे प्रतिपिंड घडवावेत, अशी ती तजवीज. आईचे प्रतिपिंड भरपूर असतील तर ते या दुर्बळ विषाणूला वाढण्यापूर्वीच गारद करतात आणि लस वाया जाते. ते आणखी उतरले, की एक असा काळ येतो की लसीला अडवण्यापुरते त्यांचे बळ असते, परंतु रस्त्यावरच्या अस्सल विषाणूला अडवण्याइतके उरलेले नसते. काही आठवड्यांच्या या फटीत पिल्लू सर्वस्वी उघडे पडते, आणि ती फट नेमकी कधी पडणार हे पिल्लाकडे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही.

आईच्या वारशाचे मोल किती, हे मात्र 1978 साली साऱ्या जगाला कळले. मांजरांच्या एका विषाणूशी जवळचे नाते असलेला पार्व्हो हा त्या वर्षी कुत्र्यांमधील साथीच्या रूपाने प्रकट झाला आणि सुमारे दोन वर्षांत पृथ्वीभर पसरला. मागाहून जेव्हा प्रयोगशाळांत जपून ठेवलेले जुने रक्तद्रव तपासले गेले, तेव्हा युरोपातील 1974 ते 1976 या काळातल्या काही नमुन्यांत त्याचे प्रतिपिंड सापडले. म्हणजे रोगाची ओळख पटण्यापूर्वीच त्याची नोंद रक्ताच्या दप्तरात होऊन गेली होती. त्या पहिल्या साथीत ओकारी व रक्ती हगवण यांखेरीज आणखी एक भयंकर प्रकार आढळे: दिसायला धडधाकट, काही आठवड्यांची पिल्ले हृदयाच्या स्नायूला दाह होऊन एकाएकी मरून पडत. बहुतेक आयांच्या रक्तात या नव्या शत्रूविरुद्ध काही नव्हते, तेव्हा चिकातून देणार काय? पुढे रोगाने व लसीने आयांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली आणि हृदयाचा हा विकार दुर्मिळ झाला. आईचे प्रतिपिंड लसीच्या आड येतात म्हणून त्यांना अडथळा समजणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य लक्षात ठेवावी.

यावर इलाज एकच, आणि तो म्हणजे पुनःपुन्हा टोचणे. डॉक्टर एका कुपीतील सुकी, पांढरट वडी दुसऱ्या कुपीतील द्रवात विरघळवतात व मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरून ती टोचतात. तीन-चार आठवड्यांनी तेच, आणि पुन्हा तेच. पुष्कळांचा असा समज आहे की पहिल्या लसीने थोडी, दुसरीने आणखी थोडी अशी शक्ती साठत जाते. वस्तुतः आईचे प्रतिपिंड उतरल्यानंतर पोचलेली एक लसही या विषाणूंविरुद्ध बहुधा पुरेशी होते. ती वेळ अज्ञात म्हणून हे अनेक प्रयत्न. त्यामुळे या मालिकेतील सर्वांत महत्त्वाची लस शेवटची होय. पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची शिफारसही सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत किंवा त्यापुढेही, लस द्यावी अशी आहे. आणि दुसरी लस झाली, आता पुरे, असे म्हणून कार्ड कपाटात टाकणारे लोक नेमके त्या शेवटच्या लसीलाच मुकतात. तोवर पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या विष्ठेपासून दूर ठेवावे, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या पुष्कळशा जंतुनाशकांना दाद देत नाही. ब्लीच मात्र त्याला मारते.

प्रौढ कुत्र्याचे रक्त तपासून डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृतदाहाचा अॅडिनोव्हायरस या तिघांविरुद्ध प्रतिपिंड आढळले, तर त्या लसी तूर्त पुढे ढकलता येतात. तसेही पूर्ण लसीकरण झालेल्या कुत्र्याला त्या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज सहसा नसते. प्रतिपिंड आढळले नाहीत, तरी स्मृती धरून बसलेल्या पेशी शिल्लक असू शकतात. परंतु अशा वेळी लस देणेच श्रेयस्कर. लेप्टोस्पायरा या जंतूच्या लसीला हा हिशेब लागू नाही, ती दरसाल द्यावी लागते. रेबीजचीही गोष्ट निराळी: परदेशी न्यावयाच्या कुत्र्याच्या रक्तात दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंड असल्याचा दाखला अनेक देश मागतात खरे, पण तो दाखला हाती आहे म्हणून रेबीजची ठरलेली लस चुकवू नये, कारण तेथे कुत्र्याबरोबर घरातल्या माणसांच्याही जिवाचा प्रश्न असतो.