वॉर्डातले विद्यार्थी पुन्हा पुन्हा का तपासतात? मेंदू-नसांच्या तपासणीचे शिक्षण आणि त्यात तुमचा वाटा

नांदगावात कुणाच्या अंगावरून वारे गेले, कुणाला फिट आली किंवा पायातली ताकद गेली, की घरचे लोक गाडी काढून महामार्गाने कणकवली गाठतात. तिथून पुष्कळदा ओरोसला जावे लागते. काही जण पुढे गोव्यात बांबोळीला जातात, काही घाट चढून कोल्हापूरला सीपीआरमध्ये. या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे उपचारांसोबत डॉक्टरकीचे शिक्षणही चालते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे.

त्यामुळे दाखल झाल्यावर तुमच्या खाटेभोवती पांढऱ्या कोटातली चार-सहा मुले-मुली येतात. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलेलेच प्रश्न विचारतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, तळव्याला ओरखडा काढतात. "सकाळपासून तिसऱ्यांदा तपासतायत, आजार सापडला नाही की काय?" अशी शंका घरच्यांना येते. ही तपासणी काय असते, ती अशीच का शिकवावी लागते आणि तुमचे हक्क कोणते, ते या लेखात पाहू.

आधी 'कुठे', मग 'काय'

मेंदू, मज्जारज्जू आणि त्यातून निघणारे मज्जातंतू मिळून मज्जासंस्था होते. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे संदेश वाहणारा मज्जातंतू.

गावातली वीज गेली की वायरमन काय करतो, ते आठवा. एकाच घरात अंधार असेल तर तो त्या घराचा फ्यूज बघतो. सगळी वाडी अंधारात असेल तर डीपीकडे जातो. आख्खा गाव अंधारात असेल तर बिघाड आणखी मागे असतो. खांबावर चढण्याआधीच त्याला साधारण जागा कळलेली असते. मेंदू-नसांच्या आजारात विद्यार्थ्याला पहिला धडा हाच मिळतो: आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा, तो कसला आहे ते नंतर.

तक्रार एकच असते, "पायात जोर नाही". पण जागा वेगवेगळ्या असू शकतात:

- उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू एकदम लुळी पडली, बोलणेही अडखळले, तर बिघाड बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असतो.
- दोन्ही पाय लुळे पडले, बेंबीखाली बधिरपणा आला, लघवी अडली, तर संशय पाठीतल्या मज्जारज्जूवर जातो.
- दोन्ही तळव्यांत जळजळ, मुंग्या आणि हळूहळू वर सरकणारा बधिरपणा असेल, तर टोकाच्या नसा दुखावल्या असण्याची शक्यता असते. मधुमेहात असे अनेकदा दिसते.
- सकाळी बरे असते, पण संध्याकाळपर्यंत पापण्या जड होतात, चावताना जबडा थकतो. अशा वेळी नस आणि स्नायू यांच्या जोडावरचा आजार पाहावा लागतो.

"सरळ एमआरआय काढा ना" असे नातेवाईक म्हणतात. पण एमआरआय डोक्याचा काढायचा की पाठीचा, आणि पाठीचा असेल तर कोणत्या भागाचा, हे तपासणीच सांगते. मज्जारज्जू दबलेल्या रुग्णाच्या डोक्याचा एमआरआय सामान्य येऊ शकतो. तो पाहून घरचे निर्धास्त होतात आणि पाय वाचवण्याची वेळ निघून जाते. हातोडी आणि टाचणीने केलेली तपासणी म्हणूनच जुनाट ठरलेली नाही.

तुमच्यावर काय करतात आणि कशासाठी

*कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा.* कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून संदेश मिळतात. त्यामुळे मेंदूतल्या झटक्यात तोंड वाकडे झाले तरी कपाळाला आठ्या सहसा पडतात. चेहऱ्याची नस स्वतः सुजली असेल, तर त्या बाजूला आठ्याही पडत नाहीत आणि डोळाही नीट मिटत नाही. हा फरक डॉक्टरांनी ठरवायचा आहे. घरी आरशात पाहून निष्कर्ष काढू नका. तोंड वाकडे झाले की थेट रुग्णालयात या.

*गुडघ्याखाली हातोडी मारणे.* रबरी हातोडीने स्नायूचा कंडरा क्षणभर ताणला जातो. तो संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो आणि पाय उडतो. पाय जास्त उडाला तर बिघाड मेंदू किंवा मज्जारज्जूत असू शकतो. उडालाच नाही तर नसांकडे लक्ष जाते. दोन्ही पायांची तुलना महत्त्वाची असते, म्हणून हातोडी दोन्हीकडे मारतात.

*तळव्याला ओरखडा.* मोठ्या माणसाचा अंगठा यावर खाली वळतो. तो वर उठला तर मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या मार्गात बिघाड असल्याची ती खूण असते. पॅरिसमधले डॉक्टर जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली ही खूण मांडली. तिला आजही पर्याय नाही. तान्ह्या बाळांचा अंगठा वर उठतो आणि त्यांच्यात ते सामान्य आहे.

*पाय जुळवून उभे राहा, डोळे मिटा.* पायांकडून येणारी स्थितीची जाणीव कमी झाली असेल, तर माणूस डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळतो. डोळे मिटले की तो डगमगतो. "तोंडावर पाणी मारताना तोल जातो" ही तक्रार विद्यार्थ्याला इथेच नेते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत असे होऊ शकते आणि वेळेत ओळखले तर उपचार सोपे असतात. ही चाचणी करताना शेजारी आधाराला माणूस उभा असायलाच हवा.

*एका श्वासात आकडे मोजा.* कोकणातल्या विद्यार्थ्याने हे शिकायलाच हवे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या खाली येतात, गिळता येत नाही. कुणी साप पाहिलेलाच नसतो. अशा वेळी पापण्या नीट पाहणारा आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात हे दर थोड्या वेळाने तपासणारा शिकाऊ डॉक्टर श्वास थकत चालल्याचे वेळेत ओळखतो. रुग्णाला प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास मिळणे यावर अवलंबून असते.

तेच प्रश्न पुन्हा का?

मेंदू-नसांच्या आजारांचे बरेचसे निदान तुमच्या सांगण्यातून होते. ते ऐकायला शिकणे हातोडी मारण्यापेक्षा अवघड असते.

एकटा 'चक्कर' हा शब्द घ्या. कुणाला घर फिरल्यासारखे वाटते, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाचा फक्त चालताना तोल जातो. तिघेही "माका चक्कर इली" असेच सांगतात. पहिल्यात कानाचा आतला भाग किंवा लहान मेंदू, दुसऱ्यात रक्तदाब किंवा हृदय, तिसऱ्यात पायांच्या नसा किंवा मेंदू असे रस्ते वेगळे होतात. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलाला 'वारे जाणे', 'घेरी', 'आकडी' हे शब्दही शिकावे लागतात. त्याने पुन्हा विचारले तर "मघाशीच सांगितले" म्हणून थांबू नका. दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा राहून गेलेली गोष्ट अनेकदा आठवते.

अमेरिकेतल्या राल्फ जोझेफोविच या डॉक्टरांनी १९९४ साली विद्यार्थ्यांमधल्या या विषयाच्या भीतीला 'न्यूरोफोबिया' असे नाव दिले. पुस्तकातल्या मार्गांच्या आकृत्या पाहून मुले बिचकतात. ती भीती जायला खाटेजवळ, खऱ्या माणसाशी बोलत शिकण्यासारखा दुसरा उपाय नाही. आणि भीती जायलाच हवी. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पूर्ण न्यूरोलॉजिस्ट व्हायला त्यापुढे एमडीची तीन आणि डीएमची तीन वर्षे लागतात. असे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटतात. रात्री दोन वाजता तालुक्याच्या रुग्णालयात तुमच्या आईला पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर साधा एमबीबीएस असण्याचीच शक्यता जास्त. त्याने विद्यार्थी असताना किती झटके स्वतः तपासले, याचा फरक तेव्हा पडतो.

रुग्णांनी शिकवलेली एक गोष्ट

डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९५७ साली मेंदूविकारांचा विभाग सुरू केला. तोल जाण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या काही रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे फार सावकाश जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. नऊ कुटुंबांतल्या रुग्णांचे निरीक्षण करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७१ साली हा वेगळा आजार असल्याचे मांडले. आजाराचे जनुक पुढे १९९६ साली सापडले. आज विद्यार्थी "डावीकडे बघा, उजवीकडे बघा" म्हणून डोळ्यांचा वेग पाहतात, त्यामागे त्या कुटुंबांनी दिलेला वेळ आहे.

नातेवाईकांनी काय सांगावे

- शेवटचे ठीक कधी पाहिले? झटक्यात ही वेळ सर्वांत मोलाची. रात्री दहाला झोपताना ठीक होते आणि पहाटे पाचला हात हलत नव्हता, तर वेळ 'रात्री दहा' सांगा. गुठळी विरघळवणारे औषध ठरावीक रुग्णांनाच, सीटी स्कॅननंतर आणि साधारणपणे साडेचार तासांच्या आत देता येते.
- फिट आली तेव्हा काय पाहिले? आधी कोणता हात झटके देत होता, मान कुठे वळली, डोळे उघडे होते का, किती मिनिटे चालले, जीभ चावली का. रुग्णाला स्वतःला हे आठवत नसते. एकाने रुग्णाला कुशीवर वळवावे, दुसऱ्याने जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चामड्याची चप्पल हुंगवू नका.
- औषधे. नावे आठवत नसतील तर पाकिटेच पिशवीत घालून आणा. फिटच्या गोळ्या मध्येच बंद केल्या असतील तर न लाजता सांगा. गावठी औषध घेतले असेल तर तेही सांगा.

तुमचे हक्क

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा, संमतीचा, खासगीपणाचा आणि गुप्ततेचा हक्क नमूद आहे. शिकवण्याच्या रुग्णालयात त्याचा अर्थ असा:

- विद्यार्थ्याने आपले नाव आणि 'मी विद्यार्थी आहे' हे आधी सांगावे, परवानगी विचारावी.
- तुम्ही नाही म्हणू शकता. त्यामुळे उपचारांत फरक पडता कामा नये. "आत्ता थकलोय, दुपारी या" किंवा "दोघेच तपासा" असेही म्हणता येते.
- स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष करत असेल, तर सोबत स्त्री असावी. पडदा ओढायला सांगा.
- टोचण्यासाठी टाचणी नवी हवी. ती दुसऱ्या रुग्णाला वापरू नये. विचारायला संकोच करू नका.
- फोटो किंवा चित्रणासाठी वेगळी परवानगी लागते.
- तातडीच्या वेळी आधी उपचार, शिकवणे नंतर.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. खाटेजवळच्या चर्चेत विद्यार्थी शक्यतांची यादी म्हणतात. त्यात गाठ, क्षयरोग, कर्करोग असे शब्द येतात. ते निदान नसते. दहा शक्यता मोजून नऊ वगळायला शिकणे हाच तो धडा असतो. असा शब्द कानावर पडला तर रात्रभर काळजी करत बसू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, "मघाशी अमुक म्हणालात, ते आमच्या रुग्णाला आहे का?" निदान आणि पुढचा मार्ग त्यांच्याकडूनच समजून घ्या.

विद्यार्थी तपासणी संपवून निघाला की त्यालाही एक प्रश्न विचारून पाहा: "काय सापडले?" त्याला तुमच्या भाषेत उत्तर देता आले, तर तो शिकतो आहे. नाही जमले, तर तुम्ही त्याला पुढचा धडा दिलात.

थांबू नका

तोंड एकदम वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक असह्य डोकेदुखी, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट, पायांतली ताकद जाऊन लघवी अडणे, पापण्या खाली येऊन गिळता न येणे: यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. आपोआप बरे वाटले तरी दाखवा.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दलचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.