मोतीबिंदू थांबतो, पडदा थांबत नाही

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उशिरा आलेल्या साठीतल्या माणसाचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू असं वाटलं." मोतीबिंदूपुरता हा हिशेब अनेकदा निभावून जातो. शस्त्रक्रिया वर्षभर लांबली, तरी बहुतेकांची नजर परत येते. डोळ्याच्या आतल्या भिंतीवरचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, ही सवलत देत नाही. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा हा थर चेतापेशींचा असतो. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि मरताना दुखतही नाही.

दुखत नाही, म्हणून पाहावं लागतं. १८५१ साली हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाचा पडदा डॉक्टरांना नीट दिसू लागला. तरी पुढची सत्तर वर्षं, भिंतीपासून सुटलेला पडदा म्हणजे गेलेली दृष्टी हे समीकरण जवळपास कायम राहिलं. ते मोडलं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या झ्यूल गोनँ यांनी. पडद्याला पडलेलं छिद्र शोधून ते डाग देऊन बुजवलं, तर पडदा पुन्हा चिकटतो, हे त्यांनी सिद्ध केलं. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातली जेली काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आज अशा शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात अनेकदा वायू भरतात. काही दिवस पालथं झोपावं लागतं. विमानप्रवास बंद असतो, आणि उंच घाट चढण्याआधीही डॉक्टरांना विचारावं लागतं, कारण बाहेरचा दाब उतरला की आतला वायू फुगतो. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी डोळे दाखवावेत. पडद्याचा मध्यबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर वाचण्याइतकी नजर टिकण्याची आशा मोठी असते.

मधुमेह मात्र अशी सूचनाही देत नाही. साखरेने पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आधी झिरपतात, मग बुजतात. रक्तासाठी आसुसलेला पडदा नव्या वाहिन्या उगवण्याचा संदेश सोडतो. त्या इतक्या नाजूक असतात, की फुटून डोळ्यात रक्त पसरतं. तोवर तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येत असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत.

या आजारावरच्या लेझरची पूर्वकथा सूर्यग्रहणापासून सुरू होते. जुलै १९४५ चं ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला रुग्ण जर्मन डॉक्टर मायर-श्विकराथ यांच्याकडे आला, आणि प्रकाशानेच पडद्याला हवा तिथे डाग देता येईल हे त्यांना सुचलं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांत लेझरमुळे गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. २००५ नंतर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली. ती नव्या वाहिन्या उगवण्याच्या त्या संदेशालाच अडवतात. त्यातलं स्वस्तात पडणारं बेव्हॅसिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध. सुरुवातीला बहुधा दरमहा सुई लागते, आणि इथेच रुग्ण गळतात. लेझरने आहे ती नजर राखली जाते, वाढेलच असं नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर शेजाऱ्याला लख्ख दिसलेलं ज्याने ऐकलंय, त्याला हा उपचार फसल्यासारखा वाटतो.

पडदा वाचवायला सगळ्यात कमी मुदत असते अपुऱ्या दिवसांच्या बाळांना. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा, अशी आपल्याकडची शिफारस आहे. आई बाळाच्या वजनाकडे डोळे लावून असते. पडद्याची आठवण रुग्णालयानेच करून द्यायला हवी.

पडद्याचे तज्ज्ञ मुख्यतः शहरांत आहेत. पण पडद्याचा फोटो प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्यातही काढू शकतो आणि तज्ज्ञ तो दूर बसून वाचू शकतो. त्या कॅमेऱ्यापर्यंत रुग्णाला पाठवण्याचं काम साखरेच्या गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांचं आहे. प्रौढ वयातला मधुमेह कळला, की लगेच आणि पुढे दरवर्षी पडदा तपासणं, हे चिठ्ठीवर गोळ्यांच्या बरोबरीने लिहिलं गेलं पाहिजे. दिसेनासं झाल्यावर येणारा रुग्ण तज्ज्ञाच्या हाती फार थोडं ठेवतो.