*जुन्या पिकअपला पॉवर डिस्क ब्रेक बसवताय? आधी हे वाचा*

जुन्या जीप-पिकअपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. माल भरून घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. डिस्क उघडी असते, ती लवकर थंड होते. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, म्हणून फक्त पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवली तरी मोठा फरक पडतो.

*पण नुसती डिस्क बसवून भागत नाही.* ड्रममध्ये चाक फिरतानाच लायनर आणखी आवळलं जातं. डिस्कमध्ये तसं होत नाही, पायाला जास्त जोर लागतो. तो जोर बूस्टर देतो आणि बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो.

*मेकॅनिककडून खात्री करून घ्या:*

१) *व्हॅक्यूम पंप* – डिझेल इंजिनातून बूस्टरला पुरेल एवढा व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा पंप हवाच.

२) *मास्टर सिलिंडर* – डिस्कला चालणाराच घ्या. ड्रमच्या जुन्या सिलिंडरमध्ये लाइनचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो राहिला तर पॅड घासत राहतात, चाक तापतं.

३) *मागचा दाब* – पुढे-मागे दाब जुळला नाही तर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात, गाडी आडवी फिरते.

४) *ब्रेक ऑइल* – हे हवेतला ओलावा ओढतं. काम करताना सगळं नवीन भरा, पुढे दर २ वर्षांनी बदला.

*घरी तपासा:* इंजिन बंद ठेवून पेडल ४-५ वेळा दाबा. पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. गेलं नाही तर माल भरू नका.

⚠️ इंजिन बंद झालं की बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. डिझेल वाचवायला उतारावर *इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका.* खालच्या गिअरमध्येच उतरा.

गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्या. ब्रेक चांगले झाले म्हणून पासिंगपेक्षा जास्त माल भरता येत नाही.

खर्च झेपत नसेल तर आहे ते ड्रम, लायनर आणि सिलिंडर नीट करून घ्या. अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा ते बरं.

गाडी चालवणाऱ्या घरच्या माणसाला हा मेसेज जरूर दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी